साडूंचं दार

अख्ख्या जबलपुरात दार न उघडण्याच्या बाबतीत आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस झाला नाही. मदन महल स्टेशनाजवळच्या त्यांच्या घराला वर, मध्ये आणि खाली कड्या होत्या. घंटी होती, पण लोक ती वाजवतात म्हणून त्यांनी काढून टाकली. कोणी दार ठोठावलंच तर आधी खिडकीचा पडदा बोटभर सरके, मग आतून साहेबी आवाज येई, "कौन? किससे काम है? किसने भेजा?" एका दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन गेलो, तर त्यांनी तो जाळीतून तिरपा करून आत घेतला, रिकामा करून तसाच बाहेर दिला आणि म्हणाले, "बरं झालं आलात. काहून उभे आहात उन्हात? घरी जा." त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या आक्का. त्या बिचाऱ्या आम्हाला मागच्या दाराने चहा पाजत.

त्यांची एकुलती मुलगी जर्मनीतल्या एका लहानशा गावात नोकरी करते. गाव म्हणजे एक नदी, एक बेकरी आणि टेकडीवर गावाहून मोठा वाटणारा बेनेडिक्टाइन साधूंचा जुना मठ. दोघं नवराबायको तिला भेटायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात मुलीने सांगून टाकलं, की तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं आहे. साडू तडक चपला घालून निघाले. आता जाणार कुठे? बाहेर बर्फ, भाषा ठार कळत नाही आणि गावातली सगळी दारं बंद. एरवी त्यांना त्या गावाबद्दल आदरच वाटला असता. शेवटी कुडकुडत त्यांनी मठाचं दार ठोठावलं. एका म्हाताऱ्या साधूने ते सताड उघडलं आणि काही विचारण्याआधी हात जोडून देवाचे आभार मानले. दार वाजलं की आधी आभार, मग विचारपूस, असा तिथल्या द्वारपालाला शेकडो वर्षांचा नियमच आहे, असं मुलीने त्यांना मागाहून सांगितलं. मग त्याने गरम सूप दिलं, चपला सुकत ठेवल्या आणि साडूंच्या खिशातल्या नंबरावर मुलीला फोन केला. "ठोठावलं मी," साडू अजून थक्क होऊन सांगतात, "आणि आभार तो मानून राहिला!"

मुलीला हो की नाही न सांगताच ते परतले. पण घरी येताच सगळ्या कड्या काढल्या आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसले. मीटर बघणारा असो, दुर्गोत्सवाची वर्गणी मागणारे असोत की पत्ता चुकलेला पिझ्झावाला, सगळ्यांना एकच: "शुक्र है भगवान का, आप आए!" पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आलेला तरुण तर घाबरून यंत्र तिथेच टाकून पळाला. प्रत्येकाला पोटभर खाऊ घालायचं काम आक्कांकडे. "त्या मठात रांधायला साधूंची पलटण असंल," त्या म्हणत, "इथं मी एकटी राबून राहिली!" ते साधू बिअरही गाळतात, ही गोष्ट मात्र साडूंनी घरात कधी काढली नाही. ती फक्त मला सांगितली.

पण मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की ते उठून आत जात. आक्का फोनवर लेकीशी बोलताना रडत. वाटेल त्याला दार उघडणारा हा माणूस त्या एका मुलाला उघडणार की नाही, कोणालाच कळेना. मला त्यांचा अस्सा राग येई!

मार्चमधल्या एका दुपारी मी तिथेच चहा पीत बसलो होतो. फाटकाशी रिक्षा थांबली. आधी मुलगी उतरली आणि तिच्या मागून एक उंच, घामाने निथळणारा, लालबुंद मुलगा. आक्का दारातच खिळल्या. फाटक उघडं होतं, तरी तो मुलगा बाहेरच थांबला आणि त्याने बोटाने ते हळूच वाजवलं. साडू उठले. त्यांचा चेहरा पार जुना, कड्यांच्या दिवसांतला झाला. आता 'कौन?' म्हणणार, असं वाटून मी डोळेच मिटले.

"देवा, तुझे आभार," साडूंचा आवाज आला, तोही मराठीत. "आलात. काहून उभे आहात उन्हात? आत या."

सुटलो बुवा! आक्का हसता हसता रडायला लागल्या आणि मी गार झालेला चहा एका घोटात संपवला. इतका गोड चहा मी त्या घरात कधी प्यायलो नव्हतो. त्या मुलाला शब्द कळला नसेल, पण साडूंचे जोडलेले हात त्याने ओळखले असणार. तो त्याच गावचा.

लग्न झालं, दोघं परत गेली. साडू अजून फाटकाशी बसतात, पण हल्ली येतं कोण? वर्गणीसुद्धा मोबाइलवरून जाते. ते स्टेशनाच्या रस्त्याकडे बघत राहतात. म्हणून मी संध्याकाळी गढ्यातल्या माझ्या घरून मुद्दाम तिकडे जातो. फाटक उघडंच असतं. तरी मी ते वाजवतो.