घोड्याचा उजवा पाय

पडद्यांच्या दुकानात ताई मशीन चालवायची आणि तिचा धाकटा भाऊ समोरच्या उंच स्टुलावर बसून हातशिलाई करायचा. हात पडद्यांना कड्या लावत असायचे, पाय मात्र खालच्या लाकडी जमिनीवर दौडत असायचे. उजवा, डावा, उजवा, डावा, इतक्या वेगाने की नवं गिऱ्हाईक दारातच थबकायचं. वर्षानुवर्षं ठोकून फळीला दोन खळगे पडले होते. बूट घालायला तो तयार नसे. बुटात पायाला ताल कळत नाही म्हणे, म्हणून नुसते मोजे. त्याच्या बँडमधली मंडळी त्याला घोडा म्हणायची. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे नाव शोभत नाही, असं फक्त ताईला वाटायचं.

बँड पॉवर मेटल नावाचं दणदणीत रॉक संगीत वाजवायचा आणि घोडा त्यात ड्रम बडवायचा, खालचा मोठा ड्रम तर दोन्ही पायांनी. ताईच्या मते तो सगळा धुडगूस होता. त्यात तलवारी काय, अजगर काय, आणि गाणारा असा किंचाळणार की जणू शेपटीवर कोणी पाय दिलाय.

"मागच्या कडव्यात तुमचा राजा मेला ना? मग हा कोण उठला?" ती विचारायची.

"ध्रुवपदात उठतो तो," घोडा दोरा ओवत सांगायचा. "आमच्यात शेवटच्या ध्रुवपदाला सूर एक पायरी वर चढवतात. कितीही मार खाल्लेला असो. लोक त्यासाठीच येतात, ताई."

दिवसभर दुसऱ्यांच्या खिडक्या झाकणाऱ्या माणसाला असं ध्रुवपद का लागतं, हे तिने कधी विचारलं नाही. संगीताशी तिचं जुनं वाकडं होतं. वडील व्हायोलिन वाजवायचे आणि लहानपणी ती त्यांच्याशेजारी दुसरं व्हायोलिन घेऊन बसायची. वडील गेले, दुकान तिच्या गळ्यात पडलं आणि दोन्ही व्हायोलिनं माळ्यावर गेली. घोडा तेव्हा इतका लहान होता की त्याला वडिलांचं वाजवणं आठवतसुद्धा नव्हतं.

दुकानात एक नियम होता. सुई मोडली की तिचा तुकडा सापडेपर्यंत कोणी उठायचं नाही. एका संध्याकाळी घोड्याची सुई मोडली. ताईने लोहचुंबक घेऊन सगळी जमीन पालथी घातली, स्टुलाखालीसुद्धा. चुंबक फिरवता यावं म्हणून घोड्याने पाय उचलून धरले होते. तुकडा काही मिळाला नाही, शेवटी नाइलाजाने दोघं उठली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्यातली गत. तुकडा त्याच्या उजव्या तळव्यात शिरला होता. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेले. त्याला काही कळलंच नाही. बधिरपणा सरावाने आलाय अशी त्याची समजूत होती.

काही दिवसांनी पांढऱ्या पडद्यावर लाल डाग दिसला. ताईने आधी त्याची बोटं तपासली. बोटं धड होती. मग तिने मोजा उतरवला आणि वासाने तिचं तोंड फिरलं.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, विष वर चढतंय. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, सकाळपर्यंत ठरवा. ठरवायला काही नव्हतंच, पण घोडा नाही म्हणाला.

"जिवापेक्षा ड्रम मोठा झाला?" ताईने विचारलं.

"एका पायाने वाजतं ते दुसरं काहीतरी असतं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आणि पडदे शिवायला मी कशाला जगू?"

ताईला भयंकर राग आला. ज्याच्यासाठी हा मरायला निघालाय ते आहे तरी काय, म्हणून तिने उशाशी पडलेले त्याचे हेडफोन कानांना लावून गाणं सुरू केलं.

आधी नुसता दणदणाट ऐकू आला. मग त्यावरून दोन गिटार बरोबरीने धावू लागल्या, एक वरच्या सुरात, एक जराशी खाली. ताईच्या डाव्या हाताची बोटं आपोआप हलली. हे तिला येत होतं. वडील वरचा सूर धरायचे, ती खालचा. दोघं वाजवायची त्या, युरोपातल्या जुन्या दरबारी संगीतकारांच्या रचनांमधली हीच धाव, हीच वळणं. इथे फक्त त्यांच्यातून वीज सोडलेली होती. शेवटी पन्नास गळ्यांनी ध्रुवपद उचललं, सूर एक पायरी चढला, आणि ताई हुंदके देऊन रडू लागली.

"हे तर बाबांचं आहे," ती म्हणाली.

"असेल. मला कोणी ऐकवलंच नाही." घोड्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

तिने हेडफोन काढून ठेवले. मग स्टूल ओढून पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि चप्पल काढली. "डावा पाय वाजव."

"कशाला?"

"वाजव म्हणते ना."

त्याने डाव्या पायाने लोखंडी कठडा ठोकला. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत ताईने आपला उजवा पाय घातला. थोडा वेळ जमलं, मग ती चुकली.

"मागे पडतेयस."

"आयुष्यभर पायमशीन चालवलंय मी. मला शिकवू नकोस." पण ती पुन्हा मागे पडली.

घोड्याने डोळ्यांवर हात ठेवला. मग म्हणाला, "डॉक्टरांना बोलाव."

पाय गेला आणि बँडला दुसरा ड्रमवाला मिळाला. ते व्हायचंच होतं. घोडा पुन्हा स्टुलावर बसून कड्या लावू लागला. डावा पाय अधूनमधून एकटाच वाजायचा आणि थांबायचा. उजव्या खळग्यात दोऱ्यांचे तुकडे साचत गेले.

एका दुपारी ताईने मशीन बंद केलं. तिने जमिनीवरून चुंबक फिरवलं, खळगा झाडला, आपलं स्टूल घोड्याच्या उजव्या अंगाला लावलं आणि खळग्यात पाय ठेवला. तिच्या पायाला तो मोठा होता. घोड्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण डावा पाय सुरू केला. हेडफोनमधल्या त्या गाण्याचं कडवं दोघं पार करून गेली. ध्रुवपद जवळ आलं तशी ताई धापा टाकू लागली, चुकली, मागे राहिली.

घोड्याने आजवर कोणासाठी वेग कमी केला नव्हता. त्याने पाय जमिनीवर टेकवला आणि ताईला दम घेऊ दिला.

"झालं?" त्याने विचारलं. "आता सूर चढवायचाय."