आनखी एक डाव वाचा, पंत

काळजी करणं हाच ज्याचा हुद्दा होता, असा माणूस उभ्या वऱ्हाडात मी एकच पाहिला. आमच्या टाऊन कमिटीत चार मेंबर होते. तीन मेंबर गावाचा कारभार पाहत आणि चौथे, म्हणजे आमचे पाटील, त्या कारभारातून काय काय अनर्थ होऊ शकतो ते पाहत. अकोला आणि अमरावती यांच्यामधल्या त्या कसब्यात मी कमिटीचा कारकून म्हणून पुण्याहून नवा नवा आलो होतो, तेव्हाच्या या गोष्टी आहेत. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, त्यामुळे विलायतेला कापूस मिळेना आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आलेले. लोक बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घालत होते. पाटलांचीही जमीन काळीभोर होती, कापूस भरपूर पिकत होता, पण त्यांना सुख म्हणून नव्हतं. दर सभेच्या आधी ते सभेचे अध्यक्ष असलेल्या तहसीलदारांना विचारत, "रावसाहेब, भांडून राहिले न् ते अजून?" हो म्हटलं की इतकी माणसं मरतात म्हणून ते हळहळत, आणि लढाई थांबणार असं कळलं की कापसाचं काय होईल म्हणून त्यांना घाम फुटे. एकदा तर त्यांनी सुचवलं होतं, की तिथल्या पाटलाला कमिटीतर्फे एक कागद लिहावा, म्हणजे नक्की काय करणार आहेत ते तरी समजेल. तहसीलदारांनी तो विषय पुढील सभेवर टाकला.

सभा चावडीत भरे. सरकारातून चार खुर्च्या आल्या होत्या, पण पाटील खुर्चीच्या अगदी कडेवर टेकत, कारण तिचे पाय त्यांना नीट वाटत नसत. खुर्ची दाराजवळचीच हवी आणि तिच्याखाली पाण्यानं भरलेला तांब्या हवा. गावात जिकडेतिकडे रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, पडलेली, एक ठिणगी पुरे, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण एका तांब्यानं काय विझणार, हे त्यांना विचारण्याची कुणाची छाती नव्हती. बोलता बोलता ते मधेच थांबून हवा हुंगत. मग सगळेच हुंगत. आमचे दुसरे मेंबर काजीसाहेब मोठे विनोदी होते. ते म्हणत, "पाटील, इत्ती फिकर कायको? आग लगी तो सबकी लगेगी, अकेले तुम्हारी थोडीच." यावर पाटलांना आणखीच काळजी वाटे.

कमिटीपुढचे विषय साधे असत. दिव्याला तेल किती, झाडूवाले कुठून आणायचे, कापसाच्या गाड्या रस्ता अडवतात त्या कुठे सोडायच्या. पण साधा विषय पाटलांच्या हाती गेला की साधा राहत नसे. कोंडवाडा बांधायचं ठरलं त्या दिवशी त्यांनी विचारलं, की कोंडवाड्यात गाभण म्हैस आली आणि तिथंच व्याली, तर वगार मालकाची की कमिटीची? आम्ही सगळे हसलो. मग तहसीलदार विचारात पडले. मग काजीसाहेबही विचारात पडले. दिवेलागणीपर्यंत त्या न जन्मलेल्या वगारीचा खल झाला आणि शेवटी मी लिहिलं, 'हा विचार पुढील सभेत घ्यावा.' पाटलांमुळे हे वाक्य मला इतक्यांदा लिहावं लागे, की माझी लेखणी ते आपोआप लिही.

पाटलांना लिहितावाचता येत नव्हतं. सभेचा ठराव मी मोडीत खरडला की बाकीचे मेंबर सह्या ठोकून पानसुपारीकडे वळत. लिहिलेलं कुणी वाचत नसे, तहसीलदारसुद्धा नाही. पाटलांची सही म्हणजे नांगर. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कागदावर नांगराची निशाणी करत आले होते, आणि ती काढताना पाटील खाली मान घालून असा काही नांगर काढत, की त्याचा फाळसुद्धा वेगळा दिसावा. पण त्याआधी सगळा ठराव त्यांना दोनदा वाचून दाखवावा लागे. एकदा वाचून झालं की ते डोळे मिटत आणि म्हणत, "आनखी एक डाव वाचा, पंत. पैल्यानं ते कानाले ऐकू येते, मंग मनाले." बाकीच्यांचं पान खाऊन होई तरी आमचं वाचन चालूच असे. मला त्याचा भारी राग येई. मी पुण्याचा, माझं अक्षर टपोरं, माझी भाषा शुद्ध, आणि हा नांगरवाला माझी परीक्षा घेतो म्हणजे काय?

आमचा मुलूख खारपाणाचा. विहीर खणावी तर पाणी असं लागे की त्यात डाळ शिजत नसे. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, ती रुईबाजारात, आणि सकाळ-संध्याकाळ बायकांच्या घागरी तिथं रांगेनं लागलेल्या असत. कमिटीनं गावात पहिला काचेचा दिवा उभारला तो याच विहिरीच्या काठी. दुपारी ऊन त्या काचेवर पडलं की असा लखलखाट होई, की कापसाच्या गाड्यांचे बैल भडकून विहिरीच्या अंगावर जात. विहिरीला कठडा नावालाच होता. एकदा एका गाडीचं चाक काठाबाहेर लोंबलं, गाडीवाला उडी मारून वाचला आणि पाटलांना जेवण जाईना. पुढच्याच सभेत त्यांनी विषय काढला. बाहेर गाड्यांचा आणि हमालांचा गलका इतका, की धड ऐकू येत नव्हतं. पाटील म्हणाले, "रुईबाजारातली हीर पाहा, पंत. दुपारच्यानं लय बुजते. एकांद्याचा जीव जाईन. बंदोबस्त लिहा."

बैल हा शब्द ते बोललेच नाहीत. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तो बोलायचा कशाला? आता आमच्या पुण्याकडे बैल असले तर ते 'बुजतात'. वऱ्हाडात मात्र एक बैल असो की दहा, ते 'बुजते'च. मला गावात येऊन पुरते सहा महिनेही झाले नव्हते. माझ्या घरी पाणी पाणक्या भरे, ते कुठल्या विहिरीचं हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या कानाला हीर ऐकू आली आणि बुजते ऐकू आलं, आणि मी व्याकरण लावलं. विहीर बुजत चालली आहे, जिवाला धोका आहे, तेव्हा बंदोबस्त काय? मी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'सदरहू विहीर गाळाने बुजत चालली असून जीवितास अपाय होण्याचा संभव आहे, सबब ती पुरती बुजवून टाकावी.'

नेहमीप्रमाणे हे दोनदा वाचलं गेलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण नेमकं त्याच वेळी दारातून धूर आला. कुणीतरी चावडीमागे पाचोळा पेटवला होता. पाटील तांब्या घेऊन धावले. पाचोळा विझवून, धोतर भिजवून ते परत आले, उभ्याउभ्याच नांगर काढला आणि आणखी कुठे धूर आहे का ते पाहायला निघून गेले. आयुष्यभर ज्यानं सगळ्याची काळजी केली, त्यानं एवढ्या एका कागदाची करायची राहून गेली.

कमिटीचे कागद अकोल्याला गेले की त्यांना परत यायला वर्ष लागे. काही तर अजून आलेले नाहीत. हा मात्र पंधरा दिवसांत आला. अकोल्याच्या गोऱ्या साहेबांनी शेरा मारला होता, की कमिटीनं प्रथमच काही उपयोगाची गोष्ट सुचवली. विहीर बुजवल्यानं रुईच्या गाठी रचायला जागा होईल. येत्या सोमवारी काम सुरू करावं. सभेत मी मोठ्या अभिमानानं तो हुकूम वाचला. वाचून झाला तरी कुणी पान उचललं नाही. बाहेर विहिरीकाठी मुरमाच्या गाड्या रिकाम्या होत असल्याचा आवाज येत होता, तो कशाचा हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

"कोन्ती हीर?" पाटलांनी विचारलं. मी सांगितली. "आनखी एक डाव वाचा." मी पुन्हा वाचलं. काजीसाहेबांनी दप्तरातून मूळ ठराव काढायला लावला. तिथं माझं टपोरं अक्षर होतं आणि खाली पाटलांचा नांगर. काजीसाहेबांनी मला 'बुजते'चा अर्थ समजावून सांगितला. बुजत होते ते बैल, विहीर नव्हे. तहसीलदार म्हणाले, की साहेबांचा हुकूम साहेबच फिरवतील, आणि तेही ज्यानं चूक केली त्यानं ती समोर येऊन कबूल केली तर. खोटा ठराव लिहिणाऱ्या कारकुनाचं पुढे काय होईल, ते त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगायची गरज नव्हती. महिन्याभरापूर्वीच मी बायकोला पुण्याहून आणून बिऱ्हाड थाटलं होतं. पाटील तहसीलदारांकडे वळले. मग ते म्हणाले, "पंतानं काई नाई केलं. म्या जसं सांगतलं तसं लेयलं त्यायनं."

अकोल्याला आम्ही दोघं त्यांच्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, गेलो. वाटभर पाटलांना दमणीच्या आसाची काळजी, बैलाच्या खुराची काळजी, साहेबांकडे कुत्रा असल्यास त्याची काळजी. कुत्रा होता. पाटील त्याच्याकडे डोळे लावून साहेबांशी बोलले. हात जोडून म्हणाले, "साहेब, हीर बुजवा असं म्याच म्हनलं. चुकलो. मले सगळ्याचंच भेव वाट्टे. तिच्यात कोनी पडन म्हून वाटलं. पन गावाले गोड पानी तेवढंच हाय. ते राहू द्या." साहेब हसले. त्यांचा शिरस्तेदारही हसला. साहेबांनी हुकूम रद्द केला, आणि त्याच लेखणीनं कमिटीच्या यादीतून पाटलांचं नाव काढलं. आज एक आणि उद्या एक बोलणारा भित्रा माणूस कमिटीला नको, असं त्यांनी सांगितलं. मी तिथं दौत धरून उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर पाटलांचं नाव राहिलं असतं. मी बोललो नाही. त्याची लाज मला तेव्हा वाटली, आणि आज हे लिहितानाही वाटते.

परतताना पाटील दमणीत असे गाढ झोपले, की खाचखळग्यांतही जागे झाले नाहीत. मी मात्र पूर्ण रस्ता त्या आसाकडे पाहत बसलो होतो. गावची शीव आल्यावर ते उठले, तेव्हा मी विचारलं, की पाटील, तुम्ही असं का केलंत? ते म्हणाले, "तुमची नोकरी गेली असती न्, तर मले जन्मभर घोर लागला असता. आता लोक बोलतीन. बोलन्याचा काई घोर नाई वाटत, पंत. ते तं होऊनच गेलं."

लोक बोललेच. गावानं त्यांचं नाव 'हीरबुजवे पाटील' ठेवलं आणि त्याच विहिरीचं पाणी पिता पिता त्यांना हसत राहिलं. पाटलांनी कुणालाही कधी खरं सांगितलं नाही आणि कमिटीतल्या मेंबरांनाही सांगू दिलं नाही. सभेच्या दिवशी ते चावडीच्या पायरीवर येऊन बसत, शेजारी तांब्या. आत मी ठराव दोनदा वाचू लागलो, तोही बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तहसीलदार वैतागत. पण दुसऱ्या वाचनाला पायरीवर डोळे मिटलेले असत, ते मला खिडकीतून दिसे, आणि मग मला बरं वाटे.

रुईबाजारातला दिवा हलवावा, एवढंच मुळात पाटलांना हवं होतं. तो विषय मी दर सभेला मांडत असे आणि तो दर वेळी पुढील सभेवर जाई. तिकडची लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, लोकांनी बैलांच्या शिंगांची चांदी काढली, मग कुठे तो ठराव झाला. तोवर पाटील अंथरुणाला खिळले होते. सभा संपताच मी दप्तर काखेत मारून त्यांच्या घरी गेलो आणि उशाशी बसून वाचलं, 'रुईबाजारातील विहिरीजवळील दिव्याने बैल बुजतात, सबब सदरहू दिवा तेथून हलवावा.' बैल हा शब्द मी ठळक लिहिला होता. पाटलांनी डोळे मिटले. मी न सांगता आणखी एकदा वाचलं. मग त्यांनी हात पुढे केला. मी लेखणी दिली आणि कागद धरला. अर्धा नांगर झाला, आणि हात थांबला.

कमिटीच्या त्या दप्तरात उरलेल्या तीन मेंबरांच्या सह्यांखाली, मेंबर नसलेल्या एका माणसाचा अर्धा नांगर आहे. वरून कुणीतरी विचारील म्हणून कितीतरी वर्षं मला धाकधूक वाटत होती. अजून कुणी विचारलेलं नाही. लिहिलेलं कुणी वाचतच नाही.