वरच्या मजल्यावरची वेळ

लिफ्टबाईंना वाचनाचं वेड लागलं ते लिफ्टमध्येच. नवरा गेल्यावर त्या त्याच्या जागी कामाला लागल्या. त्याचंच लाकडी स्टूल, त्याचंच जाळीचं दार आणि त्याचाच पितळी दांडा. इमारत जुनी, आणि लिफ्ट तिच्याहून जुनी वाटावी अशी. बटणं नव्हतीच. दांडा एकीकडे दाबला की वर, दुसरीकडे दाबला की खाली, आणि मजला आला की अंदाजाने सोडायचा. जरा उशीर झाला की लिफ्ट वीतभर वर जाऊन उभी राही आणि आतल्या माणसाला उडी मारावी लागे.

खालच्या मजल्यांवर कचेऱ्या, सगळ्यांत वर वाचनालय. तिथे महिन्यातून एका शनिवारी विज्ञानाची पुस्तकं वाचणाऱ्यांचं मंडळ जमायचं. मंडळी वर जाताना गप्प असत आणि खाली येताना भांडत.

"तुमचं ते माशांचं पुस्तक म्हणजे नुसता फापटपसारा!"

"आणि तुमचं मेंदूवरचं? झोपेची गोळी!"

लिफ्टबाई पाठमोऱ्या उभ्या, पण कान तिकडेच. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "ते माशांचं मला मिळेल का हो?" मंडळातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सोमवारीच आणून दिलं. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. सकाळी देवापुढे दिवा लावायचा, हात जोडायचे, कामावर यायचं आणि लिफ्ट बोलावणाऱ्या दोन घंटांच्या मध्ये जेवढं वाचून होईल तेवढं वाचायचं. संध्याकाळी ते सासूबाईंना सांगायचं. सासूबाईंची नजर अधू झालेली, पण "आज कुठवर आलं गं?" असं विचारल्याशिवाय त्या जेवायला बसत नसत.

पुढे मंडळाने बाईंना आत घेतलं, पण पुस्तक सुचवायची पाळी काही दिली नाही. आणि खरी मजा त्या पाळीतच होती. सुचवलेलं पुस्तक मंडळाने मानलं, की वाचनालय त्याच्या जादा प्रती मागवी, मग पुढच्या बैठकीपर्यंत सगळे तेच वाचत आणि त्यावरच भांडत. बाईंनी तोंड उघडलं की अध्यक्षसाहेब, म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर, म्हणत, "तुमचं पुढच्या खेपेला बघू." ती पुढची खेप यायचं नाव घेईना.

अशात बाईंच्या हाती एक पुस्तक पडलं, वेळ म्हणजे काय याबद्दलचं. त्यात लिहिलं होतं, की जमिनीपासून जितकं उंच जावं, तितका वेळ किंचित भरभर जातो. वरचं घड्याळ खालच्यापेक्षा पुढे पळतं. फरक इतका बारीक की साध्या घड्याळात दिसायचा नाही, पण शास्त्रज्ञांनी तो मोजलाय. हे वाचत होत्या तेव्हा बाईंच्या एका हातात दांडा होता आणि मागे अध्यक्षसाहेब उभे होते. इतकी वर्षं आपण ज्या बोळातून खालीवर करतोय, त्यात वेळसुद्धा मजल्यामजल्याला वेगळा? बाई थक्क झाल्या, आणि दांडा सोडायचा राहिला. लिफ्ट चांगली गुडघाभर वर जाऊन थांबली. बाई खाली घेतच होत्या, पण साहेबांना कुठला धीर! त्यांनी उडी मारली आणि चष्मा एकीकडे, स्वतः एकीकडे झाले.

"पुस्तकं वाचायची जागा आहे का ही?" ते ओरडले.

"चुकलं माझं, साहेब," बाई म्हणाल्या. चुकलंच होतं. तेव्हापासून लिफ्ट चालू असताना पुस्तक मिटलेलं असे.

संध्याकाळी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी अख्खा जन्म तळमजल्यावर काढला ते बरंच झालं म्हणायचं, म्हातारपण जरा सावकाश आलं! पण का गं होतं तसं?"

"तेच नाही कळलं. चारचारदा वाचलं."

"मग विचार की त्या मंडळात. नाहीतर मंडळ काय चाटायचंय?"

त्या शनिवारी बाई न बोलावता उभ्या राहिल्या. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आज मी सुचवणार."

अध्यक्षांनी ते उलटंपालटं केलं. "उंचावर वेळ भरभर का जातो? सांगा बघू."

"नाही सांगता येत."

"समजलं नाही?"

"अर्धंअधिक नाही समजलं. म्हणून तर सुचवतेय. सगळं समजलं असतं तर परत करून मोकळी झाले असते. एकटीने अडून बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून अडू या."

कोणीतरी हसलं. साहेब नाही हसले. "न समजलेलं पुस्तक सुचवता येत नाही. नियम आहे."

"कधीपासून?"

"आजपासून. आणि बाई, रोज सकाळी देवापुढे दिवा लावणाऱ्यांनी हे विषय जरा जपून हाताळावेत."

बाईंचा आवाज चढला नाही. "देवापुढे मी हात जोडते, साहेब. डोकं गहाण नाही टाकलेलं. ज्याने वेळ घडवला त्याने तो कसा घडवला, हे मी विचारलं तर त्याला राग यायचा नाही. तुम्हाला का येतोय?"

तरी पुस्तक नामंजूरच झालं. बाईंनी ते उचललं, खाली मान न घालता चालत गेल्या आणि आपल्या स्टुलापाशी उभ्या राहिल्या.

बैठक सुटली आणि मंडळी लिफ्टमध्ये शिरली. बाईंनी जाळी ओढली आणि पुस्तक डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं. "ते मधलं प्रकरण काढा. मोठ्याने वाचा. मला दांडा बघायचाय."

"हे नियमात बसत नाही!" साहेब कोपऱ्यातून म्हणाले.

"मंडळाचा नियम वर राहिला, साहेब. इथे दांडा माझ्या हातात आहे."

डॉक्टरीणबाई वाचू लागल्या. तळमजला आला, बरोब्बर फरशीला फरशी लागली. बाईंनी दार उघडलं. साहेब तरातरा उतरून गेले. बाकीचे तिथेच उभे.

"मग? वर घेऊ?"

"घ्या की. एवढं पान संपू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला साहेब जिन्याने आले. धापा टाकत, पण ताठ. त्याच्या पुढच्यालाही जिन्यानेच. आता लिफ्टमध्ये स्टुलावर एक पुस्तक पडलेलं असतं. कचेरीतल्या टायपिस्ट मुलीसुद्धा दोन मजल्यांपुरतं वाचतात, भांडतात आणि उतरतात. वाचनालयाने जादा प्रती अजून मागवलेल्या नाहीत. बाईंनी मागणं सोडलेलं नाही. प्रत्येक बैठकीला त्या उभ्या राहतात आणि तेच पुस्तक टेबलावर ठेवतात.

"का होतं ते कळलं का गं?" सासूबाई विचारतात.

"नाही अजून," लिफ्टबाई पान वाढता वाढता म्हणतात, "पण आता अख्खी लिफ्ट अडलीय माझ्याबरोबर."