तिसऱ्या हाकेचा माणूस

आमच्या थोरल्या वहिनीच्या भावाइतका पावसाला कस्पटासमान लेखणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. तो गोव्यातल्या मये गावचा, मी चोपडे गावचा. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास आम्ही दोघेही शिकायला म्हणून स्कॉटलंडात जाऊन पडलो होतो. शनिवार उजाडला की स्वारी डोंगर चढायला तयार. तिथली मुले रेनकोटात गुरफटून येत आणि हा मात्र डिचोलीच्या बाजारातली लांब दांड्याची काळी छत्री घेऊन. वाऱ्याने ती उलटी झाली की शांतपणे सुलटी करायचा. "हाका आमच्या मयां पावस म्हणनात," एवढेच म्हणायचा; म्हणजे याला मयेत कोणी पाऊस म्हणत नाही. पिशवीत थर्मास, थर्मासात ऊन ऊन पेज आणि सोबत आंब्याचे लोणचे. शिखरावर बसून ती पेज सगळ्यांना आग्रहाने पाजायचा. वाटेत मेंढपाळ भेटला तर आमच्या गोव्याचे राज्य झाले, तुमच्या स्कॉटलंडचे कधी, अशी आस्थेने चौकशी करायचा, आणि गंमत म्हणजे तो मेंढपाळही मेंढ्या सोडून त्याच्याशी बोलत उभा राहायचा. माणसे जोडण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिलेला नाही.

डोंगराच्या पायथ्याशी दगडावर पावाचा तुकडा ठेवून तो तिथल्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणे घाली: आम्ही परमुलखातली लेकरे, सांभाळून परत धाड. मग बरोबरची गोरी मुलेही, त्याने शिकवल्याप्रमाणे, एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणत. आणखी एक नेम होता. रानात कोणी हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. देवचार, म्हणजे रानातले भूत, दोनदाच हाक मारतो आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातो. तिसरी हाक आली तर माणूस समजावा. मी यावर पुष्कळ हसायचो. आमच्या चोपड्याला नदीपलीकडच्या होडीवाल्याला एक हाक मारली की पुरे.

एका शनिवारी उतरताना धुके आले. बुटाची नाडी बांधायला मी वाकलो आणि मान वर केली तर पुढे कोणी दिसेना. त्याला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, तरी नाही. सगळे उतरून गेले असे समजून पाण्याचा आवाज येत होता तिकडे मी एकटाच निघालो. तिकडे कडा होता, हे मला नंतर कळले. थोडासाच गेलो असेन, तोच मागून कोणीतरी दंड धरला. वळून पाहिले तर हाच. हातात छत्री नव्हती आणि तोंडाने कुळदेवतेचे नाव चालले होते. इतका वेळ तो जवळच खडकाआड उभा राहून माझ्या हाका ऐकत होता.

"तिसरी हांक आयली ना," तो म्हणाला. "म्हळें, देवचार आसल्यार आसूं. पूण तूंच आसल्यार?"

मला हसू आले नाही. तिसरी हाक आली नसतानाही, हाक देवचाराची असेल अशी भीती पोटात घेऊन, पण मीच असलो तर, म्हणून हा माणूस माझ्यासाठी धुक्यात शिरला होता. खाली पोचेपर्यंत त्याने माझा दंड सोडला नाही आणि मीही सोडवून घेतला नाही.

आता तो मयेला असतो, मी परदेशातच राहिलो. असा जीव लावणारा सोयरा लाभला हे माझे भाग्य, पण त्याला तसे तोंडावर सांगणे काही जमले नाही. हल्ली त्याचे गुडघे दुखतात. देवळाच्या पायऱ्यासुद्धा कुणाचा तरी हात धरून चढतो, असे वहिनी फोनवर सांगते. तो हात माझा नसतो, एवढेच मनाला लागून राहते.