दोन खांबांमधली चाल
नव्या कॅनव्हासच्या बुटांचा रबरी वास आला, की आमच्या फाटकाशी थांबलेली ती रिक्षा आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. सगळे नातेवाईक 'पडून राहा' म्हणत होते आणि नाशिकचे आमचे डॉक्टर मात्र म्हणाले, चाला. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत भरभर, पुढच्या खांबापर्यंत सावकाश, मग पुन्हा भरभर. नवे कॅनव्हासचे बूट घालून हे रोज सकाळी निघत आणि परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. त्या दिवशी थंडी होती, मी ओट्यावर उन्हात मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात रिक्षा थांबली. आत हे, आणि यांचा दंड घट्ट धरून बसलेले शेजारचे भाऊजी. माझ्या हातातली जुडीच गळाली. "वहिनी, घाबरू नका," भाऊजी म्हणाले, तशी मी आणखीच घाबरले. "झपाझप चालत होते हो, अन् खांबापाशी एकदम मंदावले. म्हटलं, पुन्हा काहीतरी झालं!" हे दंड सोडवून खाली उतरले. कपाळावर घाम, गाल लालबुंद आणि आवाज खणखणीत. "अरे, मंदावायचंच होतं! किती वेळा सांगितलं, ऐकेल तर शपथ!" तो आवाज ऐकला आणि मी पायरीवर बसून हसतच सुटले. इतकं चिडणाऱ्या माणसाला काय होतंय! "हसतेस काय? माझे खांब राहिलेत," म्हणत हे पुन्हा निघालेसुद्धा. परवा माझ्या डॉक्टरांनी मलाही तसंच चालायला सांगितलं. बूट यांनीच आणले आणि फाटक उघडून म्हणाले, "चल. रिक्षा थांबली तर बसायचं नाही."