तवंग नसलेलं पाणी

पाण्याचे नमुने घ्यायच्या दिवशी आम्ही गाडीत पेट्रोल भरत नाही. बोटांना लागलेला एवढासा वासही बाटलीत उतरतो आणि तपासणी फसते. माझे मदतनीस बबनराव तर तंबाखूची पुडीसुद्धा घरी ठेवून येतात.

या बंद कारखान्याची डिझेलची टाकी कित्येक वर्षं जमिनीत गळत होती. भिंतीपलीकडच्या वस्तीची विहीर त्यामुळेच बंद आहे. टाकी काढली, माती उपसली; आता दर तीन महिन्यांनी आम्ही इथल्या बोअरचं पाणी तपासतो. दर वेळी त्यावर रंगीत तवंग असतो, मोरपिसासारखा देखणा. त्या देखणेपणाचा मला मनापासून राग येतो.

आज बबनरावांनी बाटली उन्हात धरली, फिरवली आणि नुसतेच हसत राहिले.

"साहेब, यात आभाळाशिवाय काही दिसत नाही."

मी वास घेतला. पाणी, नुसतं पाणी! लोक मोगऱ्याला भुलतात. कसलाच वास नसण्यात एवढं सुख असेल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

भिंतीवरून वस्तीतल्या सखूबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "दादा, कसं आहे आमचं पाणी?"

"लॅबचा कागद येईपर्यंत प्यायचं नाही हं, मावशी," बबनराव ओरडले, "पण टँकरच्या पाण्याचा शेवटशेवटचा चहा पाजून घ्या आम्हाला!"

मी फॉर्म भरायला बसलो. रंग, वास, तवंग, तिन्ही रकान्यांत 'नाही' लिहिलं. हा शब्द इतक्या वळणदार अक्षरात मी आयुष्यात कधी लिहिला नव्हता.