रंगनाथरावांच्या छातीतलं पाखरू

पडदा वर जातो. म्हणजे जायला हवा, पण दोरीची गाठ कप्पीत अडकते आणि तो निम्म्यावरच थांबतो. त्या निम्म्या पडद्याखालून गावाला दिसतात एका बाजेचे चार पाय, एक तांब्या आणि काळ्या बुटांची एक जोडी. बूट थरथरताहेत. वेळ दुपारी चारची. ताडपत्रीच्या भोकांतून चैत्राचं ऊन रंगमंचावर सांडलंय आणि मागच्या पडद्यावर गावच्या पेंटरने रंगवलेला पिवळा चंद्र उगवलाय. कारण नाटकात मध्यरात्र आहे.

साल त्र्याहत्तर. दुष्काळाचं वर्ष. विजेची कपात चाललेली, संध्याकाळी दिवे येतील याचा भरवसा नाही, म्हणून देवळाली प्रवरेजवळच्या त्या गावाने भैरोबाच्या जत्रेचं नाटक उन्हातच उरकायचं ठरवलं होतं. आमच्या नगर जिल्ह्यातली गावं तेव्हा जत्रेला स्वतः नाटक बसवायची. पुरुषांची कामं गावकरी करत आणि बायकांच्या कामाला आमच्यासारख्या नट्या बाहेरून बोलावत. मी, दमयंती, नगरहून एसटीने जायची. वीस वर्षांत किती गावांत किती जणांची बायको झाले आणि तिसऱ्या अंकाच्या आत विधवा झाले, याचा हिशेब नाही. ते सगळे नवरे मी विसरले. ते थरथरणारे बूट मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत.

ते बूट रंगनाथरावांचे. वय पंचेचाळीस, सहा एकर ऊस, उंची अशी की दारातून आत येताना वाकावं लागे. चिखलात रुतलेल्या बैलगाडीचं चाक एकट्याने उचलून धरणारा माणूस. आणि हा माणूस दिवसातून वीस वेळा मरायचा.

माझी उतरायची सोय त्यांच्याच घरी होती. नाटकाच्या आदल्या दिवशी सकाळी मी चहा घेत चुलीपाशी बसले होते. रंगनाथराव समोर भिंतीला टेकून बसलेले, उजव्या हातात घड्याळ बांधलेलं, आणि डाव्या मनगटावर दोन बोटं. ओठ हलत होते. मला वाटलं, जप चाललाय.

"बोलू नका ताई त्यांच्याशी," त्यांच्या पत्नी गोजरबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "नाडी मोजत्यात. मधी बोललं की परत एकापास्नं."

"घड्याळ उजव्या हातात?"

"डाव्याला मुंग्या हायेत ना. वझं सोसत न्हाई म्हनं."

मोजणी संपली. रंगनाथराव गंभीरपणे म्हणाले, "ब्यान्नव. काल अठ्ठ्याऐंशी हुते."

मग त्यांनी मला आपलं दुखणं सांगितलं, घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तसं. छातीत एक पाखरू होतं. ते एरवी गप बसे, पण कुठे शांत बसायला गेलं की पंख फडफडवी. घशात एक लिंबू होतं, धड गिळलं जात नसे, धड बाहेर येत नसे. डाव्या हाताच्या करंगळीपासून कोपरापर्यंत मुंग्यांची रांग होती. कानात एक भुंगा होता, पण तो फक्त अमावस्येच्या आसपास यायचा.

"लिंबू असंल तर काढून द्या," गोजरबाई म्हणाल्या. "उन्हाळ्याचे दिस हायेत, सरबत तरी करीन."

"बघा. हे असं चाललंय माझं," रंगनाथराव मला म्हणाले. पण रागाने नाही. वीस वर्षांच्या संसारात ते सरबत बऱ्याचदा झालं असावं.

सुरुवात सहा वर्षांपूर्वीची. शेजारच्या मळ्यातला त्यांचा जोडीदार, त्यांच्याच वयाचा, बांधावर बसून चहा पिता पिता गेला. कप हातातच राहिला. तिरडीला खांदा देताना रंगनाथरावांच्या छातीत पहिल्यांदा पाखरू फडफडलं आणि तिथेच त्याने घरटं केलं. तेव्हापासून श्रीरामपूरचे तीन डॉक्टर झाले, नगरचे दोन, पुण्याचा एक. सगळ्यांनी छातीला नळी लावली, पाठीवर टिचक्या मारल्या, जीभ बघितली आणि सांगितलं, काही नाही. रंगनाथरावांना याचाच घोर. "साधं दुखनं असतं तर घावलं असतं," ते म्हणायचे. "सहा डाक्टरला घावत न्हाई, म्हंजी केवढं खोल असंल!"

त्या वर्षीचं नाटक सुमंत गुरुजींनी स्वतः लिहिलं होतं. गुरुजी गावच्या शाळेचे मुख्याध्यापक. लेखक, दिग्दर्शक आणि विंगेतून वाक्यं सांगणारे, सगळं तेच. नाटकात आबासाहेब नावाचा श्रीमंत बाप होता, मी त्याची बायको, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशात पडदा उघडताच दिसणारा एक डॉक्टर. डॉक्टर कोणी करायचा यावर चर्चाच झाली नाही. गावात रंगनाथरावांएवढे डॉक्टर पाहिलेलं दुसरं कोण होतं? चष्मा कपाळावर कसा ढकलायचा, "हं" कसं म्हणायचं, हात कसे पुसायचे, सगळं त्यांना तोंडपाठ. तालुक्याच्या दवाखान्यातून एक जुनी, रबर चिरलेली नळी मागून आणली होती. काम इतकं छान चाललं होतं की गुरुजी खूश होते.

फक्त एक वाक्य अडलं होतं.

डॉक्टरने आबासाहेबांच्या छातीला नळी लावायची, ती काढायची, चष्मा उतरवायचा आणि म्हणायचं, "बाई, खेळ संपला. आबासाहेब गेले." मी हंबरडा फोडायचा, कुंकू पुसायचं, पडदा. आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीत रंगनाथरावांनी नळी लावली, काढली, चष्मा उतरवला आणि म्हणाले, "बाई, आबासाहेब... झोपलेत."

"झोपलेत?" गुरुजी विंगेतून बाहेर आले. "रंगनाथराव, मग तिसरा अंक काय ते उठल्यावर करायचा? मृत्युपत्र कोणाचं वाचायचं?"

"त्येच्याऐवजी 'बरं वाटंना' म्हनलं तर?"

"बरं वाटंना म्हणून कोणी कुंकू पुसतं का?"

बाजेवर आबासाहेब म्हणून पडलेला गिरणीवाला सहादेव पोट धरून हसला. गुरुजींनी दोघांनाही वहीने मारलं.

दुपारी ओसरीवर रंगनाथराव माझ्यापाशी येऊन बसले. मग हळूच विचारलं, "बाई, तुमी आजपातुर किती येळा मेल्या नाटकात?"

"मोजलं नाही. दीडदोनशे वेळा."

"आन कायबी झालं न्हाई?"

"एकदा पडताना कोपर फुटलं."

ते हसले नाहीत. "वास्तू तथास्तु म्हनत असती, बाई. आमची आई घरात वंगाळ बोलू द्यायची न्हाई. आन हितं तर भैरोबाच्या म्होरं, जत्रंच्या दिशी, गावादेखत बोलायचं. खेळ संपला म्हनून."

"पण ते आबासाहेबांविषयी. म्हणजे सहादेवविषयी."

"तसं न्हाई." आजूबाजूला बघत त्यांनी आवाज आणखी खाली नेला. "नळी सहादेवच्या छातीला लावली ना, तरी मला माझंच पाखरू ऐकू येतं. ऐकलेलं माझं, बोललेलं माझं. मंग तथास्तु कुनाला लागंल?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ कोरडे. एवढा मोठा देह, आणि उद्या चारच्या सुमारास आपण मरणार याची त्याला पक्की खात्री. नाही म्हणायचीही सोय नव्हती, कारण गावाला शब्द दिलेला. मी हसू गिळलं. त्यांच्या लिंबाइतकंच अवघड गेलं.

"रंगनाथराव," मी म्हटलं, "तुम्ही बोलूच नका. नळी काढा, चष्मा उतरवा आणि नुसती मान हलवा. 'गेले' हा शब्द मी म्हणते. तथास्तु लागलं तर मला लागू दे, मला सवय आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या जागी तिरडीवर झोपायला तयार झालेय. मग उठले आणि गोजरबाईंना ओरडून सांगितलं, "ऐकलं का, बाईंच्या पानात तूप जास्त वाढा!"

तर आता तुम्ही पुन्हा त्या निम्म्या पडद्यापाशी या. कोणीतरी काठीने गाठ सोडवली, पडदा वर गेला, आणि भर उन्हात मध्यरात्र सुरू झाली. सहादेव घोंगडीखाली घामाने निथळत होता. मेलेला दिसावा म्हणून श्वास रोखायचा आणि दर थोड्या वेळाने घोंगडी बैलाच्या पोटासारखी फुगायची. पुढे बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी रडत होते. रंगनाथरावांनी नळी कानात घातली.

आणि ते थांबले.

त्यांनी नळी सहादेवच्या छातीवर ठेवली. मग उचलून स्वतःच्या कोटाच्या आत घातली. मग परत सहादेवच्या. परत आपल्या. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला, पण पुसायचं भान नाही. विंगेतून गुरुजी कुजबुजत होते, "मान! मान हलवा!" मी वाट पाहून पाहून शेवटी ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं, "ग..."

"थांबा बाई!" रंगनाथराव ओरडले. "सहादेवा, तुला भ्या वाटतंय?"

मेलेल्या आबासाहेबांनी एक डोळा उघडला. "लई. समदं गाव बघतंय."

"तुज्याबी छातीत तेच हाय की रं!"

पुढचं मी वीस वर्षांच्या अनुभवात दुसरीकडे पाहिलं नाही. रंगनाथरावांनी "बाई, हात," म्हणत माझ्या मनगटावर नळी टेकवली. तिथे काय ऐकू आलं कोण जाणे, पण त्यांनी जोरात मान डोलावली. मग विंगेत गेले आणि सुमंत गुरुजींना वहीसकट दंडाला धरून चंद्राखाली आणून उभं केलं. गुरुजींच्या छातीला नळी लावली. ऐकलं. डोळे मोठे झाले.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमचं तर माज्यापरीस जोरात हाय!"

"अहो, माझा अंक बुडतोय!" गुरुजी म्हणाले.

रंगनाथराव प्रेक्षकांकडे वळले. त्यांनी चष्मा उतरवला. ताठ उभे राहिले. त्या क्षणी ते खरोखर मोठे डॉक्टर दिसत होते, पुण्याचे. आणि घसा खाकरून, लिंबाला न विचारता, खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, आबासाहेब मरत न्हाईत. ठनठनीत हायेत. भ्यालेत नुसते!"

मग बाजेवरून आवाज आला, "मंग मी उठू का?"

गावाने जो टाळ्यांचा कडकडाट केला, तो मला कुठल्याही मरणाला मिळाला नव्हता. भैरोबाच्या देवळातल्या घंटेलाही कोणीतरी दोन टोले दिले. कुंकू पुसायला उचललेलं बोट मी कपाळाजवळून खाली घेतलं. तिसऱ्या अंकात आबासाहेबांनी स्वतःचं मृत्युपत्र स्वतःच, उठून बसून, चहा पीत वाचलं. नाटकातले मुलगे वाटणीवरून भांडायचे विसरले. गुरुजी देवळामागे जाऊन बसले ते आरतीलाच बाहेर आले, आणि आल्यावर म्हणाले, "लेखन माझंच आहे, पण शेवट जरा वेगळा केलाय."

पाखरू गेलं का? नाही हो. मी पुढे अकरा वर्षं त्या जत्रेला जात होते. दर वर्षी ब्याण्णव, शहाण्णव चालूच होतं. दवाखान्याने ती चिरलेली नळी परत मागितली नाही. ती त्यांच्या घरी खुंटीला, चाबकाच्या शेजारी टांगलेली असे. छातीत फडफड झाली की रंगनाथराव ती काढत आणि जो जवळ असेल त्याच्या छातीला लावत. ग्रामसेवकाला लावली. लग्नाला उभ्या राहिलेल्या नवरदेवाला लावली. गोजरबाईंना तर रोजच. एकदा म्हशीला लावून आले आणि नाराजीने म्हणाले, "हिचं लई सावकाश हाय. हिला कशाची काळजी?" दुसऱ्याचं ऐकता ऐकता स्वतःचं निवळत असे. निदान भाकरी गिळण्यापुरतं तरी.

जोडीदाराच्या हातातला कप मात्र ते कधी विसरले नाहीत. बांधावर बसून चहा त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही. उभ्यानेच घेत.

पुढे माझं फिरणं थांबलं. मागच्या साली गोजरबाईंना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी शेवटचं सांगितलं. रंगनाथराव एक्याऐंशी वर्षांचे झाले होते. दवाखान्यात ठेवलं होतं, आणि या वेळी दुखणं खरंच सापडलं होतं. शिकाऊ डॉक्टर आला, कोवळा पोरगा, नळी दोनदा पुढे केली आणि दोनदा मागे घेतली; त्याला कळलं होतं काय ऐकू येणार ते. रंगनाथरावांनी त्याचा हात धरला, नळीचं तोंड त्याच्याच छातीवर टेकवलं आणि म्हणाले, "तुजंच लई फडफडतंय, लेकरा. बस जरा घटकाभर. मी काय लगीच जात न्हाई."